तोंड एकाचे, शब्द दुसऱ्याचे

कोणत्याही फोटोतल्या माणसाला बोलते करायला आज दोन मिनिटे पुरतात. संगणकावर ‘गिम्प’ हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उघडायचे आणि फोटो घ्यायचा. त्यावर एक नवा पारदर्शक लेयर टाकायचा. लंबगोल निवडण्याचे टूल घेऊन माणसाच्या तोंडाजवळ अंडाकृती ओढायची. मग हाताने निवड करण्याचे टूल घ्यायचे आणि शिफ्ट दाबून त्या अंडाकृतीला एक निमुळते टोक जोडायचे. टोक ओठांकडे वळलेले हवे. आत पांढरा रंग भरायचा, कडेला तीन पिक्सेलची काळी रेघ द्यायची, वर मजकुराचा लेयर ठेवून वाक्य टाइप करायचे. फुगा तयार. फोटोशॉपमध्ये असे फुगे तयार आकारांत मिळतात, वर्डमध्ये ते ‘कॉलआउट’ या नावाखाली असतात, आणि मोबाइलवर तर बोटाने ओढून हवे तिथे बसवता येतात.

या कामातली खरी करामत फुग्यात नाही, त्या निमुळत्या टोकात आहे. टोक नसेल तर मजकूर ही फक्त चित्रावरची सूचना ठरते. टोक काढले की वाक्याला मालक मिळतो. ‘हे याने म्हटले’ असा दावा ते टोक करते. ते ज्याच्याकडे वळवले त्याला कुणी विचारलेले नसते, आणि ज्याने वळवले त्याचे नाव चित्रात कुठेच नसते.

काम चालू असते तोवर सगळे वेगवेगळे असते. फोटो एका थरावर, फुगा दुसऱ्या, अक्षरे तिसऱ्या. गिम्पच्या किंवा फोटोशॉपच्या मूळ फाइलमध्ये हे थर कुणालाही उघडून पाहता येतात. पण तीच फाइल जेपीजी करून बाहेर काढली की थर एकमेकांत मिसळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की चित्र आणखी दाबले जाते आणि ते कधी, कशावर तयार झाले याची आतली नोंदही निघून जाते. पाहणाऱ्याच्या हाती उरतो एक सपाट चौकोन. त्यात एक चेहरा आहे आणि तो चेहरा बोलतो आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माणसाने या साध्या तांत्रिक गोष्टीकडे जरा गंभीरपणे पाहायला हवे, असे मला वाटते. इथे परक्या तोंडी घातलेल्या शब्दांची किंमत माणसांनी मोजली आहे. आणि ‘शब्द खरे कुणाचे?’ हा प्रश्न मराठीत सर्वात कडकपणे विचारणारी परंपराही याच मातीत वाढली आहे.

फुगा तसा नवा नाही. युरोपातल्या जुन्या धार्मिक चित्रांत देवदूतांच्या हातात किंवा तोंडाजवळ कापडाच्या पट्टीसारखी गुंडाळी दिसते. तिच्यावर त्यांचे बोल लिहिलेले असतात. पंधराव्या शतकातल्या यान व्हान आयकने मरियमला देवदूताचा निरोप मिळतो तो प्रसंग रंगवला. त्यात मरियमचे उत्तर त्याने उलटे, म्हणजे डोके खाली करून लिहिले आहे. उत्तर देवासाठी आहे, आणि देव वरून वाचणार, हा त्यामागचा विचार. शब्द कुणाचे आणि कुणासाठी, हे त्या चित्रकाराने अक्षरांच्या दिशेतूनच सांगून टाकले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जेम्स गिलरेने राजकीय व्यंगचित्रांत फुगे सर्रास वापरले. त्याच गिलरेने १७९१ मध्ये टिपू सुलतानही चित्रात आणला होता. त्यात टर उडवली होती ती टिपूची नव्हे, श्रीरंगपट्टणहून माघार घेणाऱ्या कॉर्नवॉलिसची. पुढे अमेरिकेत १८९५-९६ च्या सुमारास रिचर्ड औटकॉल्टचा ‘यलो किड’ आला. त्या पोराचे बोलणे त्याच्या पिवळ्या झग्यावरच छापलेले असे. त्याच काळात वर्तमानपत्री चित्रमालिकांत फुगा रुळला.

आपल्याकडे मात्र बराच काळ ‘पंच’ छापाच्या व्यंगचित्रांची रीत होती. चित्र वर, संवाद खाली. दिवाळी अंकांतली कितीतरी व्यंगचित्रे आजही अशीच असतात. वाचक आधी चित्र पाहतो, मग खाली उतरून ओळ वाचतो. दोहोंच्या मध्ये कागदाची एक मोकळी पट्टी असते, आणि खालची ओळ चित्रकाराची आहे हे ती पट्टी न बोलता सांगते. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाली, वेताळ मराठीत बोलू लागला. १९६७ पासून ‘अमर चित्र कथा’ आली. तेव्हा फुगा घराघरांत पोचला. त्यानंतरच्या पिढ्यांनी इतिहासातली माणसे प्रथम पाहिली ती फुग्यांसकट. अफजलखान काय म्हणाला, औरंगजेब काय म्हणाला, हे त्या फुग्यांतून कळले. ती वाक्ये पटकथा लिहिणाऱ्याने टेबलाशी बसून रचलेली असतात, हे आठ वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

आता जरा किर्लोस्करवाडीला जाऊ. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना घातला तेव्हा ती जागा औंध संस्थानची होती आणि गादीवर भवानराव पंतप्रतिनिधी होते. औंध आज सातारा जिल्ह्यात येते. हे दोन जिल्हेही पूर्वी एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. भवानराव स्वतः चित्रकार होते. औंधच्या टेकडीवरचे संग्रहालय त्यांच्याच हौसेचे फळ आहे.

या किर्लोस्करवाडीत १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ आली. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. व्यंगचित्रे काढत, लेख लिहीत आणि खाली ‘शंवाकि’ ही सही करत. रूढी आणि ढोंग यांच्यावर त्यांनी बेधडक रेषा ओढल्या. अनेकांना त्या बोचल्या, आणि ज्याला बोचल्या त्याला भांडायला जागा माहीत होती: संपादक शंवाकि, मुक्काम किर्लोस्करवाडी. चित्रातल्या पात्राच्या तोंडी शब्द घातलेले होतेच, पण ते कुणी घातले हे लपवलेले नव्हते.

त्यामागे कायदाही होता. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि पत्रकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. हा कायदा इंग्रज सरकारने आपल्या सोयीसाठी केला, देशी छापखान्यांवर नजर ठेवायला केला, हे खरेच. पण त्याची एक सवय वाचकाला लागली. कागद हाती आला की तो उलटून तळाची बारीक ओळ पाहायची. निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव आजही सक्तीचे आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्राला मात्र उलटायला मागची बाजूच नाही.

इथे कुणी म्हणेल की १९४२ च्या चळवळीत भूमिगतांनी वाटलेल्या पत्रकांवर तरी कुठे छापखान्याचे नाव होते? नव्हते. याच सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, कुंडल त्याचे मोठे केंद्र होते, आणि नाव उघड करणे म्हणजे तुरुंग होता. पण फरक पाहा. भूमिगत कार्यकर्ता नाव लपवून स्वतःचे म्हणणे मांडत होता. दुसऱ्याच्या नावाने बोलत नव्हता. निनावी असणे वेगळे आणि परक्या तोंडाने बोलणे वेगळे. पहिल्यात माणूस जोखीम स्वतःवर घेतो, दुसऱ्यात ती भलत्याच्या अंगावर ढकलतो.

शब्द चिकटवण्याचा हा खेळ प्रतिसरकारलाही चुकला नाही. मूळ नाव प्रतिसरकार. ते बोलता बोलता ‘पत्री सरकार’ झाले, आणि मग पायाला पत्रे ठोकल्याच्या गोष्टी त्या नावाभोवती जमल्या. आज कितीतरी जणांना नाव तेच खरे वाटते आणि काम तेवढेच आठवते. न्यायनिवाडे, सावकारी रोखणे, साधेपणाने लावलेली लग्ने हे सगळे त्या एका शब्दामागे गेले.

जुन्या इतिहासात तर फुग्यांची रांगच आहे. प्रतापगडाखाली शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाली. सभासदाची बखर लिहिली गेली ती १६९० च्या दशकात, दूर जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. मध्ये पस्तीसएक वर्षे गेली. तरी बखरीत माणसे बोलतात, देवी दृष्टांत देते. सभासद खोटारडा होता असे कुणी म्हणू नये. त्या काळी इतिहास सांगण्याची तीच पद्धत होती. प्रसंगाला शोभेल असे बोलणे पात्राच्या तोंडी घालायचे. ग्रीकांचा थ्युसिडिडीजही आपल्या ग्रंथात भाषणे अशीच घालतो, आणि तसे करत असल्याचे सांगूनही टाकतो. अडचण नंतर येते. नंतरच्या बखरींनी आधीच्या बखरींतले बोल उचलले, त्यात भर घातली. नाटकांनी बखरींचे उचलले, सिनेमांनी नाटकांचे, कॉमिक्सनी सगळ्यांचे. एकावर एक थर चढले आणि शेवटी सगळे जेपीजीसारखे सपाट झाले. आज शामियान्यातला संवाद म्हणून जो ऐकू येतो त्यातला किती १६५९ चा, किती १६९० च्या दशकातला आणि किती परवाच्या पटकथेतला, हे वरून पाहून सांगता येत नाही.

हे थर पुन्हा सुटे करणारा माणूस वि. का. राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, तो सातारा जिल्ह्यातल्या वाईत हाती लागलेल्या पत्रांच्या बळावर. पानिपतच्या काळातली ती अस्सल पत्रे. त्या पत्रांशेजारी बखरी ठेवून राजवाड्यांनी दाखवून दिले की बखरीत तारखा कशा चुकतात, माणसे कशी उलटसुलट होतात. राजवाड्यांची सगळी मते मला मान्य नाहीत. त्यांच्या समाजविषयक लिखाणातले बरेच काही आज वाचवत नाही. पण त्यांनी घालून दिलेला एक नियम मात्र आपण सर्वांनी उचलावा असा आहे: कागद दाखवा. कुणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणारा तिथे होता का?

हा नियम मुसलमान वाचकाला परका वाटायचे कारण नाही. आपल्याकडे हदीसचे शास्त्र उभे राहिले तेच या प्रश्नावर. पैगंबरांच्या तोंडी शब्द घालणारे लोक पहिल्या काही शतकांतच निघाले. कुणी राज्यकर्त्याला खूष करायला, कुणी आपल्या पंथाची बाजू बळकट करायला, तर कुणी चांगल्या हेतूने, लोकांना नेकीकडे वळवायला. विद्वानांनी तिन्ही प्रकार सारखेच नाकारले. चांगल्या हेतूने रचलेली हदीसही ‘मौजू’, म्हणजे बनावटच ठरली. त्यांनी प्रत्येक कथनाला साखळी मागितली. हे तुला कुणी सांगितले, त्याला कुणी, त्याच्या आधी कुणी. ती माणसे एकमेकांना भेटली होती का, त्यांची स्मरणशक्ती कशी होती, ती खरे बोलणारी होती का. या साखळीला अरबीत म्हणतात ‘सनद’.

हाच शब्द मराठीत आला आणि सरकारी दस्त झाला. इनामाची सनद, वतनाची सनद. अर्थ बदलला, गाभा तोच राहिला: ज्याच्या आधारावर टेकता येते ते. जमिनीचा तुकडा सनदेवाचून कुणी कुणाच्या नावावर करत नाही. मग वाक्य कसे करतो?

सनदेवाचून माणसाच्या नावावर वाक्ये चढवल्याने काय होते, ते गेल्या काही वर्षांत आपण पाहिले.

सप्टेंबर २००९. मिरज. मीरासाहेबांच्या दर्ग्याचे गाव, अब्दुल करीम खाँसाहेब जिथे विसावले ते गाव, पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. गणेशोत्सवात अफजलखान वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून तणाव पेटला. दंगल मिरजेतून सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेली, संचारबंदी लागली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्या चित्रात फुगा नव्हता, पण लोकांनी तो मनाने काढलाच. एका बाजूने चित्रातल्या खानाच्या तोंडी आजच्या मुसलमानाचे शब्द घातले, आणि १६५९ मधल्या विजापूरच्या सरदाराचे उत्तर मिरजेतल्या भाजीवाल्याकडे मागितले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांसोबत गेलेल्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे त्या कमानीवर मावण्यासारखे नव्हते.

२ जून २०१४. पुण्यातले हडपसर. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी, संगणकावर फेरफार केलेली चित्रे फेसबुकवर फिरली. शहर तापले. सोलापूरहून नोकरीसाठी आलेला एक तरुण नमाज पढून घरी निघाला होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जमावाने त्याला दाढी आणि टोपीवरून ओळखले आणि मारून टाकले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने खटल्यातल्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

ऑगस्ट २०२३. सातारा शहर. एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या नावाने इन्स्टाग्रामवर शिवाजी महाराजांविषयी अत्यंत हीन मजकूर आला. सगळ्यांचे बोट त्या मुलाकडे गेले. तपासाअंती पोलिसांनी अटक केली ती दुसऱ्याच तरुणाला, आणि तो मुसलमानही नव्हता. मुलाच्या नावाचा वापर त्याने केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. म्हणजे फुगा त्याचा, शब्द त्याचे, आणि टोक मात्र एका पोराच्या ओठांकडे. हे सगळे बाहेर आले, छापून आले. तरीही १० सप्टेंबरच्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत अशाच आक्षेपार्ह पोस्टचे निमित्त झाले. जमाव मशिदीत घुसला. दुकाने फुटली, गाड्या जळाल्या. नमाजला आलेला एक तरुण अभियंता तिथे मारला गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले.

पोस्ट खरी की खोटी, हे ठरवायला पोलिसांना दिवस लागतात. जमावाला रात्र पुरते. आणि समजा, एखादी पोस्ट खरोखरच एखाद्या मूर्ख पोराने टाकलेली असली, तर त्यासाठी कायदा आहे, कोर्ट आहे. एका फुग्याचे टोक सगळ्या मोहल्ल्याकडे वळवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

इथपर्यंतचे आपल्या वाचकांना पटेल. पुढचे थोडे जड जाईल.

या विषाला उतारा म्हणून आपणही चित्रे बनवतो. महाराजांचे चित्र, शेजारी मशीद, वर फुगा. माझ्याकडे अशी चित्रे सतत येतात, पाठवणारे माझे जिवलग असतात. त्यांचा हेतू स्वच्छ असतो. महाराज धर्मद्वेष्टे नव्हते हे सांगायचे असते, आणि ते खरेही आहे. पण त्यासाठी वापरलेले शब्द पाहा. अफजलखान पडल्यावर ‘मरणाबरोबर वैर संपते’ असे महाराज म्हणाले, हे वाक्य फुग्यात हमखास असते. काही चित्रांत ते जिजाऊंच्या तोंडी असते. हा विचार मुळात वाल्मीकि रामायणातला आहे. रावण पडल्यावर राम तो बिभीषणाला ऐकवतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. तिला उसन्या वाक्याची गरज नाही.

तेच मदारी मेहतरचे. आग्र्याच्या कैदेत महाराजांच्या पलंगाशी पाय चेपत बसून राहिलेला हा मुसलमान सेवक आपल्या सभांमध्ये सर्वात जास्त टाळ्या घेतो. समकालीन कागदांत तो सापडत नाही. ‘सैन्यात इतके टक्के मुसलमान’ हा आकडा तर दर पोस्टमध्ये वेगळा असतो आणि कोणत्याच पोस्टमध्ये त्याचा आधार नसतो.

खरे तर सनद असलेली नावे आपल्याकडे आहेत. पायदळाचा सरनोबत म्हणून नूरबेगाचे नाव सभासद देतो. आरमारात दौलतखान होता. सिद्दी इब्राहिम परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे, आणि परमानंद हा महाराजांच्याच पदरचा कवी. फारसी पत्रव्यवहार पाहणारा काझी हैदर होता. हा काझी हैदर पुढे औरंगजेबाकडे गेला आणि तिथे मोठ्या पदाला चढला. हा शेवटचा भाग आपल्या चित्रांत येत नाही, कारण तो फुग्यात बसत नाही. पण इतिहास असाच असतो. त्या काळची माणसे चाकरी पाहून बाजू घेत, निष्ठा जपत, कधी मोडत. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. हे जसेच्या तसे सांगितले तर ‘सगळे मुसलमान एका बाजूला’ हा खोटेपणा आपोआप गळून पडतो, आणि ‘सगळे मुसलमान दुसऱ्या बाजूला’ हा आपला गोड गैरसमजही.

कुणी विचारेल, समोरून खोट्या चित्रांचा मारा होत असताना आपणच कागद शोधत बसायचे का? हो. त्यामागे नुसता भाबडेपणा नाही, हिशेबही आहे. साताऱ्याच्या त्या मुलाला वाचवले ते ‘हे शब्द खरोखर याचे आहेत का?’ या एका प्रश्नाने. तपास झाला म्हणून तो सुटला. ज्या समाजाचे रक्षण या प्रश्नावर अवलंबून आहे त्याने तो प्रश्न स्वतःच बोथट करू नये. आपल्या सोयीच्या बनावट वाक्याला आपण ‘चालते’ म्हटले, तर गैरसोयीचे बनावट वाक्य येईल तेव्हा ‘पुरावा दाखवा’ म्हणायला तोंड उरणार नाही. सूरह हुजुरातमध्ये हाच इशारा आहे. बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या जमातीला इजा कराल आणि मग पस्तावाल. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा इशारा पुसेसावळीच्या रात्री जमावातल्या कुणी ऐकायला हवा होता. पण तो आधी आपल्यासाठी आहे, कारण आपण तो मानतो.

म्हणून फुगे काढूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. व्यंगचित्र हवे, थट्टा हवी, नेत्यांच्या तोंडी खोचक वाक्ये हवीत. त्यावाचून लोकशाही आंबते. शंवाकिंनी तेच केले. पण ते करताना दोन गोष्टी पाळता येतील. पहिली, चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव टाका. कल्पित संवाद असेल तर ‘काल्पनिक’ असे स्पष्ट लिहा, आणि ते मूळ चित्रावरच लिहा. सोबतच्या मजकुरात लिहिले तर पुढे पाठवताना ते गळून जाते. दुसरी, शब्द खरोखर कुणाचे तरी म्हणून देत असाल तर खाली सनद द्या: कोणते पत्र, कोणता ग्रंथ, कोणते साल. एवढे लिहायला जागा नसेल तर ते वाक्य चित्रासाठी नाही, लेखासाठी आहे असे समजा.

आणि चित्र दुसऱ्याकडून आले असेल तर ते मोठे करून पाहा. फुग्याच्या कडेची रेघ फोटोपेक्षा जास्त धारदार दिसते का? जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरे फुटत, वेलांट्या चुकीच्या जागी बसत. असे काही दिसते का? त्या चेहऱ्याचा मूळ फोटो उलट शोधाने मिळतो का? हे सगळे करून उत्तर मिळाले नाही, तर सोपा मार्ग आहे: पुढे पाठवू नका. ऐकले ते सगळे सांगत सुटणे हीच खोटे बोलण्याची पुरेशी खूण आहे, अशी शिकवण हदीसच्या ग्रंथांत आहे. आपल्या घरच्या, मोहल्ल्यातल्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ती लागू होते.

मिरजेच्या कमानीपासून पुसेसावळीपर्यंत चौदा वर्षे गेली. या काळात फुगा काढणे फार सोपे झाले, आणि टोक कुणी वळवले हे शोधणे फार अवघड. पुढचा सणासुदीचा हंगाम येईल तेव्हा फोनवर पुन्हा एखादा बोलता चेहरा येईल. तो आपल्याला चिडवणारा असेल किंवा सुखावणारा. दोन्ही वेळेला त्याची सनद मागायची.